दोन फूट लांबीचा समुद्र

पाण्यात मीठ विरघळवलं की समुद्राचं पाणी तयार होत नाही का? खाऱ्या पाण्याच्या टँकचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ दुसरा येतो: किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी समुद्रातूनच दोन कॅन भरून आणले तर? आणि मग तिसरा: पहिल्यांदाच करतोय, तर लहान टँक घ्यावा, तो सोपा जाईल ना?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे. त्यामागची कारणं कळली की घरात प्रवाळांचा टँक कसा उभा करायचा, हे निम्मंअधिक कळलं. या प्रकरणापुरता आपण दोन फूट लांबीचा एक टँक डोळ्यांसमोर ठेवू. क्लाउनफिशची एक जोडी, एखादी कोळंबी, थोड्या गोगलगायी आणि प्रवाळांचे मऊ अंगाचे काही नातलग, एवढाच त्याचा संसार. दोन फुटांत याहून जास्त कोंबायला जाऊ नये.

१. समुद्राच्या पाण्यात असतं तरी काय?

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले १९ ग्रॅमहून थोडे जास्त क्लोराइड आणि पावणेअकरा ग्रॅम सोडियम. हे दोन मिळून आपलं जेवणातलं मीठ होतं. म्हणजे ३५ पैकी ३० ग्रॅमांचा हिशेब मिठाने लागतो. प्रवाळांच्या दृष्टीने खरी गोष्ट उरलेल्या पाच ग्रॅमांत आहे. त्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम, ०.४ ग्रॅम कॅल्शियम, जवळजवळ तेवढंच पोटॅशियम आणि अगदी थोडं बायकार्बोनेट असतं. कॅल्शियम आणि बायकार्बोनेटमधून दगडी प्रवाळ आपला सांगाडा बांधतात, गोगलगायी शंख वाढवतात. बायकार्बोनेटमुळे पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ च्या आसपास टिकून राहतो. स्वयंपाकघरातल्या मिठात हे पाच ग्रॅम नसतात, म्हणून त्या पाण्याची चव खारट लागली तरी त्यात प्रवाळ जगत नाही.

यासाठी दुकानात 'सिंथेटिक सी सॉल्ट' किंवा 'रीफ सॉल्ट' मिळतं. त्यात हे सगळे क्षार प्रमाणात मिसळलेले असतात. पुड्यातल्या मिठात थोडा ओलावा असतो, त्यामुळे लिटरमागे ३५ ऐवजी ३६ ते ३८ ग्रॅम घ्यावं लागतं. बादलीत आधी पाणी घ्यावं आणि पंप चालू ठेवून मीठ थोडं थोडं सोडावं. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी क्षार फार दाट होतात, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट तिथेच एकत्र येऊन चुन्यासारखा पांढरा गाळ धरतो, आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच वाया जातं. हे पाणी दिवसभर फिरू द्यावं. जीव असलेल्या टँकमध्ये कोरडं मीठ कधीच टाकू नये.

मग समुद्राचं पाणी का नको? मुंबईच्या किनाऱ्याला सांडपाणी आणि खाड्यांतला गाळ येऊन मिळतो. कोकणातल्या स्वच्छ वाटणाऱ्या किनाऱ्यावरही पावसाळ्यात नद्या-खाड्यांचं गोडं पाणी मिसळून क्षारता उतरते. आज आणलेलं पाणी कालच्यासारखं असेल याची खात्री नसते, आणि या कामात सगळं महत्त्व खात्रीला आहे.

गोड्या पाण्याचाही विचार करावा लागतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, बोअरच्या पाण्यात बरेच क्षार असतात. घरातल्या आरओचं पाणी बरं, पण दोन गोष्टी तपासून घ्या. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी किंवा खनिजं परत मिसळली जातात. हल्ली काही यंत्रांत तांब्याचं कार्ट्रिजही बसवलेलं असतं. पिण्याच्या पाण्यात तांब्याचा अंश माणसाला चालतो. कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना मात्र तांबं अगदी थोड्या प्रमाणातही मारक ठरतं. माशांच्या आजारांवरच्या कित्येक औषधांतही तांबं असतं, म्हणून अशी औषधं प्रवाळांच्या टँकमध्ये घालत नाहीत. चांगला मार्ग म्हणजे आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडणं. टीडीएस मीटर शून्य दाखवू लागला की पाणी मीठ घालायला तयार.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण अलगद दाबायचं, हवेचा बुडबुडा राहिला नाही ना बघायचं आणि उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा. वर निळा, खाली पांढरा असे दोन पट्टे दिसतात. त्यांच्यामधली रेघ ३५ वर आली पाहिजे. स्वस्तातले तरंगते काटे मिळतात, पण त्यांच्या दांडीला एक बारीक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

२. लहान टँक अवघड का?

मोठ्या टँकमध्ये चूक पसरायला वेळ लागतो आणि आपल्याला सावरायला अवधी मिळतो. लहान टँकमध्ये सकाळी झालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत भोवते. आकडे मांडून पाहू.

आपला टँक २४ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १५ इंच उंच आहे. त्यात काठोकाठ ८८ लिटर पाणी मावेल. दगड, वाळू आणि वर सोडलेली जागा वजा केली की हाती उरतं सुमारे ७० लिटर. लिटरमागे ३५ ग्रॅम धरले तर त्यात २,४५० ग्रॅम क्षार आहेत. पंखा चालू असेल तर अशा टँकमधून रोज लिटरभर पाणी सहज उडून जातं. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. क्षार मागेच राहतात. आठवडाभर लक्ष दिलं नाही तर ६३ लिटर पाण्यात तेच २,४५० ग्रॅम उरतील, म्हणजे लिटरला जवळजवळ ३९. आता कुणी रोज भर घातली, पण ती खाऱ्या पाण्याची, तर? रोज ३५ ग्रॅम क्षार जास्तीचे पडतील, आठवड्यात २४५ ग्रॅम, आणि क्षारता जाईल साडेअडतीसवर. म्हणून उडालेल्या पाण्याची भर रोजच्या रोज आणि शुद्ध, बिनमिठाच्या पाण्यानेच घालायची. नवशिक्याकडून सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते इथेच. गावाला जाणं-येणं असेल तर पातळी उतरताच आपोआप पाणी सोडणारा तरंगता स्विच आधी घ्यावा, झगमगते दिवे नंतर.

टँक मापाने बनवून घेणं आपल्याकडे अवघड नाही. मुंबईत कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारात आणि बहुतेक शहरांत काचेचे टँक चिकटवून देणारे कारागीर आहेत. या मापाला ८ मिलिमीटरची काच घ्यावी. सिलिकॉन मत्स्यालयासाठीचंच हवं. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीरोधक औषध मिसळलेलं असतं, ते हळूहळू पाण्यात उतरतं. जोड पूर्ण वाळेपर्यंत व्हिनेगरसारखा आंबट वास येत राहतो. तो गेल्यावर गोडं पाणी भरून दोन-तीन दिवस गळती तपासावी.

कारागिराला एक गोष्ट मुद्दाम सांगावी. मागच्या बाजूला तीन इंच सोडून काळ्या ॲक्रिलिकची आडभिंत घालून घ्यावी आणि तिच्या वरच्या काठाला बारीक उभ्या खाचा ठेवाव्यात. पृष्ठभागावरचं पाणी तेलकट साय घेऊन या खाचांतून मागे पडतं, स्पंजातून गाळलं जातं, हीटरपाशी जातं आणि शेवटच्या कप्प्यातल्या पंपाने पुढे येतं. सगळी यंत्रं नजरेआड राहतात. शिवाय पुढच्या भागाची पातळी कायम सारखी राहते आणि उडालेलं पाणी फक्त पंपाच्या कप्प्यात कमी झालेलं दिसतं. तिथे मार्करने एक रेघ ओढून ठेवली की रोज किती भर घालायची ते बघताक्षणी कळतं. वीज गेली की पुढचं थोडं पाणी मागे उतरतं, तेवढी जागा मागच्या कप्प्यांत रिकामी हवी. पाणी भरल्यावर पहिलं काम हे करावं: पंप बंद करून मागचा भाग ओसंडतो का ते उभं राहून पाहावं.

काच, पाणी, दगड, वाळू आणि स्टँड मिळून सव्वाशे किलोच्या आसपास वजन होतं. स्टँड पाणसळ लावून सपाट बसवावा. काचेखाली थर्माकोल किंवा फोमचा तुकडा घालावा. खिडकीतून थेट ऊन येईल अशी जागा टाळावी.

३. आधी जिवाणू, मग मासे

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. समुद्रात तो क्षणात विरून जातो; ७० लिटरमध्ये साचतो. त्यात समुद्राच्या पाण्याचा सामू जास्त असल्यामुळे तेवढाच अमोनिया इथे गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विषारी ठरतो. मासे आणले आणि आठवड्यात मेले, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

यावर निसर्गाची तजवीज जिवाणूंची आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, आणि ते माफक प्रमाणात असलं तर चालतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत राहत नाहीत. दगडाच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर चिकटून राहतात. छिद्रांच्या अगदी आत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे तिसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो हवेत सोडून देतात. सच्छिद्र दगडाला म्हणूनच इतकं महत्त्व आहे.

ही वसाहत वसवायची पद्धत दही लावण्यासारखी आहे. दुधाला विरजण लावावं लागतं, तसं इथे जिवाणूंची बाटली किंवा एखाद्या निरोगी टँकमधली मूठभर वाळू लागते. दह्याला ऊब लागते, इथेही लागते. दही विरजताना भांडं सारखं हलवून चालत नाही, आणि इथेही रोज नवीन औषध, नवीन गाळणी असं करून चालत नाही. फरक आहे तो वेळेचा. दह्यातले जिवाणू अनुकूल उबेत तासाभरात दुप्पट होतात, म्हणून रात्री लावलेलं दही सकाळी तयार असतं. अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायला दिवसाच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणून टँक 'लागायला' चार ते सहा आठवडे जातात.

या काळात जिवाणूंना खायला काहीतरी हवं. काही जण बाजारातल्या कोळंबीचा तुकडा टाकून कुजू देतात. मला ते पसंत नाही, कारण त्यातून किती अमोनिया निघेल याचा अंदाज येत नाही आणि घरभर वास सुटतो. मत्स्यालयासाठीचा बाटलीतला अमोनिया मोजून टाकणं बरं, लिटरला २ मिलिग्रॅम होईल इतका. टेस्ट किटने दर दोन-तीन दिवसांनी तपासत राहिलं की आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. ज्या दिवशी टाकलेला २ मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होईल आणि नायट्राइटही शून्य असेल, त्या दिवशी टँक तयार झाला असं समजावं.

जिवंत दगडाच्या भरवशावर टँक चालवण्याची कल्पना जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ च्या सुमारास जगापुढे मांडली. प्रवाळभित्तीवरून आणलेले दगड आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्यांचे टँक चालत. त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, लंडनमध्ये ॲना थिन या बाईंनी किनाऱ्यावरून आणलेले प्रवाळ घरात जगवले होते. पंप नव्हते, वीज नव्हती. मोलकरीण रोज ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळायची. दोघांनीही आपापल्या परीने एकच गोष्ट साधली होती: पाण्याला हवा आणि जिवाणूंना जागा.

आपल्याकडे मात्र समुद्रातला दगड आणायचा नाही. त्याचं कारण पुढे येईलच. सिरॅमिकचे किंवा कृत्रिमरीत्या तयार केलेले सच्छिद्र कोरडे दगड घ्यावेत, असे ७ ते ८ किलो पुरतात. ते काचेवर टेकवून वाळू नंतर घालावी. वाळूवर दगड ठेवले आणि एखाद्या जिवाने खाली उकरलं तर ढीग कोसळतो.

महिनाभराने वाळूवर तपकिरी लेप धरतो. बोट फिरवलं तर धुळीसारखा उडतो. हे डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल. ते ओसरलं की हिरवं येतं. दोन्ही आपापल्या वेळेने जातात. घाबरून औषध टाकलं तर नुकतीच बसलेली घडी विस्कटते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दगडावर टाचणीच्या डोक्याएवढे जांभळट-गुलाबी ठिपके दिसायला लागतात. ते चुनखडी शैवाल. ते पसरू लागलं की पाणी स्थिरावलं असं खुशाल समजावं.

४. प्रवाळ जगतो कशावर?

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या उतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उजेडात अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. अनुकूल स्थितीत प्रवाळाची ऊर्जेची ९० टक्क्यांपर्यंतची गरज त्यातून भागते. बदल्यात शैवालाला आसरा आणि प्रवाळाने टाकलेला नायट्रोजन मिळतो. म्हणून टँकवरचा दिवा म्हणजे प्रवाळाचं जेवण आहे.

पाणी तांबडा प्रकाश वरच्या वरच शोषून घेतं, निळा खोलवर जातो. प्रवाळ त्याच निळ्या उजेडाला सरावलेले असतात. खाऱ्या टँकचे एलईडी निळसर दिसतात ते त्यामुळे. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींसाठीचा पांढरा-पिवळा दिवा इथे शैवाल वाढवतो, प्रवाळ नाही. दिवा टायमरवर ८ ते १० तास ठेवावा. नवीन जीव आणल्यावर पहिले काही दिवस तीव्रता एक तृतीयांशावर ठेवून हळूहळू वाढवावी. दुकानातल्या मंद उजेडातून एकदम प्रखर दिव्याखाली आलेला प्रवाळ पांढरा पडू शकतो.

दुसरी गरज प्रवाहाची. प्रवाळ जागचा हलत नाही. प्राणवायू आणि खाण्याचे कण त्याच्यापर्यंत पाण्यानेच आणायचे असतात, आणि त्याने सोडलेला चिकट स्राव पाण्यानेच धुवून न्यायचा असतो. तासाला टँकच्या वीसपट पाणी फिरलं पाहिजे, म्हणजे आपल्यासाठी तासाला १,४०० लिटर. मागचा पंप आणि पुढचा एक छोटा वेव्हमेकर, म्हणजे पाणी हेलकावणारा पंप, मिळून तेवढं होतं. झोत थेट कुणाच्या अंगावर नको. तो समोरच्या काचेवर आपटून फुटला की पाणी इकडून तिकडून हेलकावत येतं. झोअँथिड या प्रवाळांच्या मऊ अंगाच्या नातलगाचा पुंजका अशा पाण्यात पाहावा: सकाळी दिवा लागल्यावर मिटलेली बोंडं एकेक करून उघडतात, मधल्या चकतीभोवतीचे स्पर्शक पसरतात आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर सगळा ताटवा एका दिशेला कलतो. सगळे जण एकाच बाजूला कायम दबलेले दिसले तर झोत जास्त आहे.

५. मे महिना आणि गेलेली वीज

थंड देशांतली पुस्तकं हीटरवर पानंच्या पानं लिहितात. आपली अडचण उलटी आहे. टँकचं तापमान २५ ते २६ अंश असावं. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा समुद्र एखादा अंश जास्त तापला आणि तो काही आठवडे तसाच राहिला, तरी प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकून पांढरे पडायला लागतात. घरात तर एका दुपारीत पाणी ३१ अंशांवर जाऊ शकतं.

पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा हा स्वस्त उपाय. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. नागपूरच्या कोरड्या हवेत तो चांगला चालतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत वाफच कमी होते, तिथे तो कमी पडतो आणि चिलर घ्यावा लागतो. चिलर आपली उष्णता खोलीतच सोडतो, तेव्हा तो बंद कपाटात ठेवू नये. हा खर्च टँकच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकतो. तो परवडणार नसेल, तर खोलीला एसी आहे का ते पाहून मगच या वाटेला जावं, असं मी स्पष्ट सांगेन.

वीज गेली की प्रवाह थांबतो आणि प्राणवायू उतरू लागतो. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर जोडावा, तो फार वीज खात नाही. ते शक्य नसेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ ठेवावा. दिवा काही तास बंद राहिला तर काही बिघडत नाही. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे, म्हणून टँकच्या बोर्डाला आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकतं. काठावर आणि वायरींवर मिठाचे पांढरे पापुद्रे चढतात, ते ओल्या फडक्याने आठवड्याला पुसावेत.

६. कायद्याने काय ठेवता येतं?

हा भाग वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नका. भारताने २००१ साली सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत घातलं. त्या यादीत समुद्री घोडे आणि समुद्रकाकड्याही आहेत, आणि काही शंख-शिंपल्यांनाही कायद्याने संरक्षण आहे. किनाऱ्यावर सापडलेला मेलेला प्रवाळ घरी आणून टँकमध्ये ठेवणंही यात येतं. समुद्रातला दगड नको म्हटलं ते यासाठी.

ही केवळ कागदी बाब नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात, विजयदुर्गसमोर दूर समुद्रात असलेल्या अँग्रिया बँकेवर आणि खुद्द मुंबईच्या किनाऱ्यावर आपले प्रवाळ आहेत. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी वरळी आणि हाजीअलीजवळचे प्रवाळ २०२० मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावे लागले. ज्यांना हलवायला सरकारी यंत्रणेलाही परवानगी काढावी लागते, ते जीव कुणी पिशवीतून विकत असेल तर त्या दुकानातून बाहेर पडावं.

परदेशी प्रवाळांचा आणि इतर जीवांचा व्यापारही आंतरराष्ट्रीय करारांनी बांधलेला आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा अनुसूचित परदेशी जातींची नोंद करणं आपल्या कायद्यातही आलं आहे. विकत घेताना शास्त्रीय नाव लिहिलेलं बिल मागा, आणि शंका असेल तर वनविभागात विचारा. आपल्या टँकसाठी मशरूम प्रवाळ आणि झोअँथिड हे मऊ अंगाचे नातलग पुरेसे आहेत. ते दगडी सांगाडा बांधत नाहीत, चुका सोसतात आणि दिसतातही देखणे.

७. कोणाला कधी आणायचं?

पहिला मान गोगलगायींचा. तपकिरी आणि हिरव्या शैवालावर त्या ताव मारतात. दोन आठवड्यांनी मशरूम किंवा झोअँथिडचा एक छोटा तुकडा आणावा. मासे शेवटी.

क्लाउनफिशची शिफारस मी डोळे झाकून करतो, कारण ती पैदास करून मिळते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, तिच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे. पैदाशीतला मासा टँकमध्येच वाढलेला असतो, दाणे खातो, आणि समुद्रातला एक मासा समुद्रातच राहतो. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात. गटातला सगळ्यात मोठा मासा पुढे मादी होतो. म्हणून दोन लहान पिल्लं एकत्र आणली की जोडी आपोआप जुळते. त्यांना समुद्रफुलाची गरज नसते. समुद्रफूल जागा बदलत फिरतं आणि लहान टँकमध्ये पंपात अडकून मरतं, मरताना सगळं पाणी नासवतं. ते आणू नये. सिनेमामुळे लोकप्रिय झालेला निळा टँग फूटभर वाढतो, त्याला दोन फुटांत ठेवणं क्रूरपणाचं आहे. रंगीबेरंगी मँडरिनही नको. तो सूक्ष्म जिवंत कवचधारी टिपत जगतो आणि लहान, नव्या टँकमध्ये उपाशी मरतो.

नवीन पिशवी आली की वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तासभर टँकचं पाणी बारीक नळीने थेंबथेंब तिच्यात सोडावं. पिशवीतलं पाणी मात्र टँकमध्ये ओतू नये.

झोअँथिडबद्दल एक इशारा. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. हाताळताना हातमोजे घालावेत, तुकडे कापताना डोळ्यांना चष्मा लावावा. झोअँथिड असलेला दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकू नये आणि त्यावर गरम पाणीही ओतू नये. वाफेतून ते विष श्वासात जाऊन घरातली सगळी माणसं रुग्णालयात पोचू शकतात. लहान मुलांचा हात टँकमध्ये जाणार नाही अशी झाकणाची सोय हवी.

८. दर आठवड्याचं काम

रोज पाण्याची भर, एकदा-दोनदा चिमूटभर खाणं आणि तापमानावर नजर. आठवड्यातून एकदा क्षारता आणि नायट्रेटची तपासणी, काच घासणं, स्पंज धुणं आणि सात लिटर पाणी बदलणं. नवीन पाण्याची क्षारता आणि तापमान टँकइतकंच हवं.

पाणी बदललं की सगळं निवळेल, असं मात्र धरू नका. नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅम असेल आणि दहावा हिस्सा पाणी बदललं, तर ते १८ होतं, इतकंच. आठवडाभरात खाण्यातून पुन्हा दोनची भर पडली तर आपण जागच्या जागी. उपाय खाणं कमी करण्यात आहे. दोन मिनिटांत संपेल तेवढंच द्यावं. नायट्रेट शून्यावर आणण्याचाही हट्ट नको, मऊ प्रवाळांना ५ ते १० मिलिग्रॅम मानवतं. कॅल्शियम, आयोडीन आणि आणखी काय काय घालायच्या बाटल्या दुकानदार दाखवेल. दर आठवड्याच्या नव्या पाण्यातून आपल्या टँकला ते सगळं मिळतं. जे मोजता येत नाही ते टँकमध्ये टाकू नये.

९. टँक बंद करायचा झाला तर

बदली होते, घर बदलतं, वेळ उरत नाही. क्लाउनफिश चांगल्या निगराणीत दहा वर्षांहून जास्त जगते, तेव्हा हा विचार सुरुवातीलाच करून ठेवावा. जीव दुसऱ्या छांदिष्टाला द्यावेत किंवा दुकानाला परत करावेत. समुद्रात किंवा खाडीत सोडून देणं हा दयाळूपणा नाही. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८० च्या दशकात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसू लागला, तो मत्स्यालयांतून सोडला गेला असावा असं मानलं जातं. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरून तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो आहे. मत्स्यालयात वाढवलेलं कॉलर्पा जातीचं शैवाल १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात आढळलं आणि पुढे भूमध्य समुद्राच्या मोठ्या भागात पसरलं. आपल्या टँकमधला मासा, गोगलगाय, शैवालाची काडी किंवा दगड, यातलं काहीही मालवणच्या किंवा मुंबईच्या पाण्यात टाकू नका. उरलेलं खारं पाणी घरातल्या मोरीतच सोडा, आणि दगड कडकडीत उन्हात महिनाभर वाळवून ठेवा.